आर्थिक कारणे, गुण पंधरा

विडी घरकुलात दुपारी तीनला लाईट जाते,
मग मी पुस्तक घेऊन दारात सरकते.
आईच्या मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं,
शेजारची नरसव्वा, समोरची पद्मिनी वहिनी,
आणि माझा पेपर पाचवा :
अमेरिकेचा इतिहास, वसाहतकाळ.

‘मोठ्यानं वाच की,’ आई म्हणते, ‘कान रिकामेच हैत.’

लंडनात कंपनी निघाली. शेअर विकले.
माणसं सोनं शोधायला दलदलीत उतरली
आणि उपाशी मेली.
सोनं नव्हतंच.
मग कुणीतरी बेटावरचं गोडसर बी आणून पेरलं.
‘कशाचं?’
तंबाखूचं.

तिन्ही कात्र्या एकदम थांबल्या.
असं होत नाही. मयतीची बातमी आली
तरी हातातलं पान कापून मग उठतात.

‘म्हंजे तो देश आपल्यातलाच की,’ नरसव्वा म्हणाली.

मी पुढं वाचत गेले.
पाद्र्याचा पगार तंबाखूत, दंड तंबाखूत, कर तंबाखूत.
चार पिकांत जमीन थकायची, म्हणून नवी जमीन लागायची,
नव्या जमिनीवर आधीच माणसं होती.
‘मग त्यांचं काय झालं?’
पुढच्या प्रकरणात आहे.
‘असतंयच पुढच्या प्रकरणात,’ आई म्हणाली.

गोदामात सरकारी माणूस माल तपासायचा,
खराब निघाला तर जाळायचा.
‘जाळायचा तरी! आमचा मुनशी छाट काढतोय,
पैसे कापतोय, अन् तीच विडी संध्याकाळी विकतोय.’

मग ते जहाज आलं. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं,
धान्याच्या बदल्यात किनाऱ्यावर उतरवलेली.
पद्मिनी वहिनी सहसा बोलत नाही. तिनं विचारलं, ‘किती?’
वीस आणि काही.
‘काही म्हंजे?’
मी पान उलटून बघितलं. तेवढंच होतं.
पंचवीसच्या कट्ट्यात एक कमी भरली
तर कट्टा तोंडावर परत येतो.
तिनं हातातला कट्टा सोडला,
पुन्हा मोजला, पुन्हा बांधला.

तिकडं बायका नव्हत्या, म्हणून कंपनीनं मुली पाठवल्या.
ज्याला लग्न करायचं त्यानं खर्च भरायचा :
एकशेवीस पौंड, उत्तम प्रतीची पानं.
‘किलोत सांग.’
चोपन्न.
आईनं डोळे मिटले. तिची शाळा चौथीत सुटली,
पण मुनशीचा हिशेब तिनं तीनदा चुकीचा ठरवलाय.
‘हजाराला पाव किलो जर्दा. रोजची हजार.
दोनशे सोळा दिवस.’
‘सुट्ट्या सोडून,’ नरसव्वा. तिघी हसल्या.

हसता हसताच आई म्हणाली,
‘मला बघायला आले तवा सासूनं नाव नंतर विचारलं.
आधी हातात पान दिलं, नवऱ्याच्या मनगटावरलं घड्याळ काढून
पुढं ठेवलं, अन् म्हणाली, पंचवीस वळ.’
‘मग?’
‘वळल्या की. तू झालीस नव्हं?’

लाईट आली. पंख्यानं जर्दा उडाला,
मला शिंक आली, पुस्तक मिटलं.

पेपरात चहाचा प्रश्न आला.
मी लिहिलं, चहा महाग झाला म्हणून नव्हे,
स्वस्त झाला म्हणूनही समुद्रात गेला;
चोरून माल आणणाऱ्यांचं गिऱ्हाईक तुटणार होतं.
मग स्वातंत्र्याचे दोन परिच्छेद लिहिले,
सरांनी सांगितले होते तसे.
बोटांना वास येत होता; आदल्या रात्री
आईची हजार भरायला दोनशे मी वळल्या होत्या.

शेवटच्या पानावर, कच्च्या कामाच्या जागी,
चोपन्न गुणिले चार
पेन्सिलीनं केलेलं होतं.
घंटा झाली.
खोडायचं राहिलं.